मीटर कापून पूर्ण सोलरवर जायचं तर खर्च किती? वस्तीवरच्या घराचा हिशोब

गावठाणातल्या घराची लाइट गेली तर तास-दोन तासांत येते. वस्तीचं तसं नाही. शेतातल्या वस्त्या पुष्कळ ठिकाणी शेतीच्या फीडरवर आहेत आणि त्या फीडरला थ्री फेज आठ तास, तीही दिवसा-रात्रीच्या पाळीने. उरलेल्या वेळेत सिंगल फेज मिळाली तर मिळाली. डीपी जळाली की किती दिवस थांबायचं ते शेतकऱ्याला सांगायला नको. त्यात अकोले, संगमनेर, राहुरी पट्ट्यात बिबट्याचा वावर, म्हणजे अंगणातला दिवा रात्रभर लागतोच. अशात कोणीतरी सांगतं, सोलर स्वस्त झालंय, मीटर कापून टाक आणि मोकळा हो.

सोलर स्वस्त झालंय हे खरं. पण स्वस्त झालं ते पॅनल. रात्रीची वीज पॅनलमधून येत नाही, बॅटरीतून येते, आणि मीटर कापायचं म्हटलं की खरा पैसा तिथंच जातो. खालचे दर बाजारातले अंदाजे आहेत. कंपनी, दुकान आणि तालुक्याप्रमाणे दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतील.

आधी आपलं घर किती वीज खातं ते बघा

चार-पाच माणसांचं साधं घर धरू. ७५ वॅटचे दोन पंखे नऊ तास चालले तर १.३५ युनिट. घरात पाच एलईडी बल्ब संध्याकाळी आणि अंगणात दोन बल्ब रात्रभर, मिळून ०.४ युनिट. टीव्ही चार तास, पाव युनिट. लहान फ्रिज दिवसाला एक युनिट. पाणी चढवायची अर्धा एचपी मोटर अर्धा तास, पाव युनिट. मिक्सर आणि मोबाइल चार्जिंग मिळून अजून पाव. बेरीज साडेतीन युनिट रोज, म्हणजे महिन्याला १०५ युनिट. आपलं बिल काढून ताडून बघा, मागच्या महिन्यांचा वापर त्यावर छापलेला असतो. उन्हाळा आणि पावसाळा दोन्हीचे आकडे बघा.

गिझर, इंडक्शन शेगडी, हजार वॅटची इस्त्री आणि घरगुती गिरणी यात धरलेली नाही. गिझर पूर्ण सोलरवर चालवायचा विचारच करू नका, त्याला बंब किंवा पाणी तापवायचा वेगळा सोलर हीटर बरा. गिरणी चालवायचीच तर भर दुपारी, उन्हात. मोटर आणि गिरणी सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतात, म्हणून इन्व्हर्टर वॅट मोजून नुसता काठावर घेतला तर तो ट्रिप होत राहतो.

मीटर नाही, तर ढगाळ दिवसांचं काय?

आपल्याकडे एक किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारच्या आसपास युनिट देतं. म्हणून दुकानदार म्हणतो, साडेतीन युनिटला एक किलोवॅट बास. सरासरीचा हिशोब लाइन असलेल्या घराला चालतो. लाइन नसलेल्या घराला सर्वांत वाईट आठवडा धरावा लागतो. जुलैत आभाळ गच्च असलं की तेच एक किलोवॅट दिवसाला एक-दीड युनिटवर येतं. मग साडेतीन युनिटसाठी तीन किलोवॅट पॅनल लागतं आणि वर्षातले आठ महिने त्यातली निम्म्याहून जास्त वीज वाया जाते.

दुसरं, दोन दिवस ऊन पडलं नाही तरी घर चालावं इतकी बॅटरी हवी. म्हणजे सात युनिट. इन्व्हर्टरला आपण जी मोठी ट्यूब्युलर बॅटरी लावतो ती १२ व्होल्ट, १५० एएचची. गुणाकार केला तर १.८ युनिट होतात, पण ती निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते. म्हणून एका बॅटरीतून ०.९ युनिटच धरायचं. सात युनिटला आठ बॅटऱ्या झाल्या. एक पंधरा हजाराला धरली तर १ लाख २० हजार.

पॅनल तीन किलोवॅटचे ७५ हजार. ४८ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर ४० हजार. स्टँड, वायर, अर्थिंग, लायटनिंग अरेस्टर, मजुरी मिळून ४० हजार. एकूण २ लाख ७५ हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा थोडा फायदा आहे, पण या बेरजेत सर्वांत मोठा आकडा पॅनलचा नाहीच.

आणि हा खर्च एकदाच होत नाही. पॅनल २५ वर्षं टिकतं. लेड ॲसिड बॅटरी नीट सांभाळली तर चार-पाच वर्षं. दहा वर्षांत एकदा तरी पूर्ण संच बदलावा लागतो. जुन्या बॅटऱ्या भंगारात देऊन वरून लाखभर जातात. म्हणजे दहा वर्षांचे पावणेचार लाख. त्या काळात आपण वापरली पावणेतेरा हजार युनिट वीज. एक युनिट पडलं २९ रुपयांना. हेच १०५ युनिट मीटरवर घेतले तर स्थिर आकार आणि वीज शुल्क धरून महिन्याला आठशे ते हजार बिल येतं, म्हणजे युनिटला नऊच्या आसपास. दहा वर्षांत दर वाढतील हे मान्य, पण तिप्पट होतील असं धरून कर्ज काढू नये.

नीट सांभाळली तर, असं वर लिहिलं ते अनुभवाने. माझ्या वस्तीवरच्या पहिल्या दोन बॅटऱ्या तीन वर्षांत बसल्या. डिस्टिल्ड वॉटर संपलं होतं, तालुक्याला जायचा कंटाळा केला आणि बोरचं पाणी घातलं. दुकानदाराचा यात काही दोष नव्हता.

लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही, ती ८०-९० टक्के वापरता येते आणि आठ-दहा वर्षं चालते. सात युनिटला आठ युनिटची घ्यायची, दीड-पावणेदोन लाखांपर्यंत जाते. सुरुवातीला महाग, पण दहा वर्षांचा हिशोब केला तर लेड ॲसिडपेक्षा भारी पडत नाही. फक्त इन्व्हर्टर लिथियमला चालणारा आहे का ते आधी विचारा आणि वॉरंटी लेखी घ्या. बिलावर सिरियल नंबर नसला तर वॉरंटी तोंडीच राहते.

अकोले वेगळं, पारनेर वेगळं

एकाच अहिल्यानगर जिल्ह्यात हा हिशोब बदलतो. पारनेर, कर्जत, जामखेड पर्जन्यछायेत. तिथं ढग आले तरी अधूनमधून ऊन पडतं, दोन दिवसांची बॅटरी पुरते. अकोल्याच्या पश्चिमेला घाटघर, रतनवाडी, भंडारदरा भागात पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिथं आठ दिवसांची बॅटरी ठेवणं कोणालाच परवडणार नाही. मग फ्रिज बंद, टीव्ही बंद, नुसते दिवे आणि मोबाइल. नाहीतर छोटं पेट्रोल जनरेटर. लिटरला दीड-दोन युनिट निघतात, म्हणजे युनिट पन्नास रुपयांच्या वर. मीटर कापायला सांगणारे हा आकडा सहसा बोलत नाहीत.

पॅनल आहे तरी अंधार

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यावर ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान. हे अनुदान लाइनला जोडलेल्या सोलरला आहे. मीटर कापून पूर्ण वेगळं होणाऱ्याला ते मिळत नाही. अनुदानासाठी पॅनल देशात बनलेल्या सेलचं लागतं, ते जरा महाग असतं.

या योजनेतलं साधं ऑन-ग्रिड सोलर लाइन गेली की आपोआप बंद पडतं. डोक्यावर ऊन असलं तरी. ही खराबी नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण आपल्या पॅनलची वीज तारेत गेली तर खांबावर काम करणारा वायरमन जिवानिशी जाईल. म्हणून गावठाण फीडरवर, जिथं दिवसा लाइन असते, तिथं हे चांगलं. १०५ युनिटच्या घराला एक किलोवॅट पुरतं. ६५-७५ हजारांतून ३० हजार वजा करा, चाळीसेक हजारांत काम होतं आणि पाचेक वर्षांत वसूल होतं. जास्त तयार झालेली वीज नेट मीटरमधून पुढच्या बिलात वळती होते, स्थिर आकार मात्र भरावा लागतो. लाइट गेल्यावरची सोय म्हणून साधा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी, अजून २२-२५ हजार.

शेती फीडरवरच्या वस्तीला हे तितकं उपयोगाचं नाही. दिवसा लाइन नसलेल्या तासांत पॅनल नुसतं तापत बसतं. तिथं मला मधला मार्ग पटतो. मीटर ठेवायचं आणि लाइनवरही चार्ज होणारा सोलर इन्व्हर्टर घ्यायचा. ऊन असेल तर उन्हावर, नसेल आणि लाइन असेल तर लाइनवर. मग दोन दिवसांची नाही, एका रात्रीची बॅटरी पुरते. एक किलोवॅट पॅनल २५ हजार, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर २० हजार, दोन बॅटऱ्या ३० हजार, जोडणी १५ हजार. ९० हजारांत रात्र निघते. याला अनुदान नाही. अनुदानही हवं आणि बॅटरीही हवी तर हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, तो महाग. अनुदान पॅनलच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीसाठी वेगळं नाही.

दोन बॅटऱ्यांत रात्र काढायची तर पंखे बदला. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा तीनेक हजाराला मिळतो. दोन पंखे बदलले तर रोजचे ०.८ युनिट वाचतात, म्हणजे जवळपास एक बॅटरी. सहा हजारांत पंधरा हजारांचं काम होतं आणि दर पाच वर्षांनी पुन्हा होतं.

पूर्ण सोलर कोणाला परवडतं?

जिथं खांब पोचलेलेच नाहीत. डोंगरावरची वाडी किंवा रस्त्यापासून आत टाकलेलं घर. कोटेशन भरायला गेलं की खांब, तार, डीपीचा आकडा ऐकून माणूस परत येतो. तिथं तुलना बिलाशी नसते, त्या खांबांच्या खर्चाशी असते. आणि सगळं घर एकदम करायची गरज नाही. ३३० वॅटचं एक पॅनल, एक मोठी बॅटरी, छोटा इन्व्हर्टर आणि वायर-स्टँड मिळून ३५ हजारांत चार दिवे, एक बीएलडीसी पंखा, मोबाइल आणि थोडा वेळ टीव्ही चालतो. गोठ्यात मुक्काम करणाऱ्याला एवढं पुष्कळ झालं. फ्रिज पुढच्या हंगामात.

काही जण विचारतात, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतलं पॅनल आहेच, त्यावरच घर का चालवू नये? त्या पॅनलला बॅटरी नाही, त्याचा कंट्रोलर मोटरसाठी बनलेला, आणि स्वतः जोड मारली तर दुरुस्तीची हमी जाते. पॅनलमागचा डीसी करंट अंगावर घेण्यासारखा नाही. जुगाड करू नका.

पत्र्याच्या घरावर पॅनल ठोकू नये. ५४० वॅटचं एक पॅनल २५ किलोच्या वर भरतं आणि वळवाच्या वाऱ्यात पत्र्यासकट उडतं. जमिनीवर काँक्रीटचा पाया घालून स्टँड उभा करा, तोंड दक्षिणेला, कलता १८-२० अंश. एक किलोवॅटला शंभर चौरस फूट मोकळी जागा, लिंबा-आंब्याची सावली नको. एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. बॅटऱ्या झोपायच्या खोलीत ठेवू नका, चार्ज होताना त्यातून पेट घेणारा वायू निघतो.

एवढं करूनही मीटर काढायचंच असेल तर आधी सगळी थकबाकी भरावी लागते, मग कायमचा पुरवठा बंद करायचा अर्ज. अनामत रक्कम परत मागायला विसरू नका. पुन्हा जोडणी हवी झाली तर नव्याने अर्ज, नव्याने कोटेशन. आणि लाइट बिल हा वस्तीवरच्या माणसाचा राहत्या पत्त्याचा कागद असतो. बँकेत, शाळेच्या दाखल्याला, गॅस जोडणीला तोच मागतात. अर्ज देण्याआधी पत्त्याचा दुसरा कागद घरात आहे का ते बघून घ्या, आणि एक पूर्ण पावसाळा मीटर चालू ठेवूनच सोलरवर राहून बघा.