नव्या गाण्याचे वाटाडे

संगीताचा इतिहास म्हणून जे ग्रंथ आपल्याकडे लिहिले गेले, त्यांत गवयांची चरित्रे आहेत, घराण्यांच्या वंशावळी आहेत, नाटकमंडळ्यांच्या भरभराटीच्या आणि दिवाळखोरीच्या हकीकती आहेत. परंतु जो मनुष्य स्वतः गात नाही, वाजवीत नाही, आणि तरीही एखादे नवे गाणे कानी पडताच ते चार मित्रांना ऐकविल्यावाचून ज्यास चैन पडत नाही, त्याचे नाव ह्या ग्रंथांत सहसा सापडावयाचे नाही. त्यास रसिक म्हणावे, तर तो शब्द पहिल्या रांगेत बसून मान डोलावणारासही लावतात. आमच्या मनातील मनुष्य निराळा आहे. तो वाटाड्या होय. गाणे कोठून आले हे त्याला ठाऊक असते आणि कोणाकडे न्यावे हेही ठाऊक असते. ह्या लेखात त्याच्याच मागाने थोडे चालावयाचे आहे.

हल्ली महाविद्यालयातील मुले ज्यास 'इंडी रॉक' म्हणतात, त्या संगीताची गोष्ट घ्या. हा शब्द आपल्या देशाच्या नावावरून निघाला असावा असा कित्येकांचा भोळा समज असतो. वस्तुतः ते 'स्वतंत्र' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लाडके रूप आहे, आणि त्याचा मूळ संबंध सुरांपेक्षा व्यापाराशी अधिक. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टर येथील 'बझकॉक्स' नावाच्या चौघा तरुणांच्या मेळाने आप्तमित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेस १,००० प्रती होत्या. पुढे ती सुमारे १६,००० खपली. तीन वर्षांनी, १९८० च्या जानेवारीत, अशा स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची वेगळी यादीच इंग्लंडात प्रसिद्ध होऊ लागली. ह्या गाण्यांना जाहिरातीचे बळ जवळजवळ नव्हते. ती हिंडली मार्क पेरीसारख्या माणसांच्या खांद्यावरून. हा लंडनमधील एका बँकेतला कारकून. त्याने १९७६ साली घरच्या घरी टंकलेखन करून 'स्निफिन ग्लू' नावाची ओबडधोबड पत्रिका काढली. बी. बी. सी. वर १९६७ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत अनोळखी मेळांची गाणी आवर्जून लावणारा जॉन पील हा तर ह्या वाटाड्यांचा मेरुमणीच म्हणावा लागेल. आपल्याकडे मुंबईत १९८६ साली 'इंडिपेन्डन्स रॉक' हा उत्सव सुरू झाला, १९९३ साली अमित सैगल ह्यांनी तेव्हाच्या अलाहाबादेहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक काढले, आणि २०१० च्या डिसेंबरात पुण्यास 'एन. एच. ७ वीकेंडर' भरला. हा सर्व इतिहास शहरांचा व इंग्रजी शाळांचा आहे, आणि तो इंग्रजीत पुरेसा लिहिलाही गेला आहे. आम्ही त्यात अधिक रेंगाळत नाही.

परंतु कंपनीस बगल देऊन गाणे काढणे आणि मित्रामित्रांतून ते पसरविणे ही विद्या आपल्याकडे समुद्रापलीकडून आली, असे जर कोणी म्हणू लागला, तर त्यास वडाळ्याची आठवण करून दिली पाहिजे.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यास गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणावर ग्रामोफोन कंपनीची छाया पडली. आरंभी तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हरास जात. १९०८ साली कंपनीने कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना घातला. पुढे लहानमोठी पुष्कळ नावे बाजारात आली खरी, परंतु त्यांतल्या बहुतेकांना तबकडी छापून घेण्यास ह्याच मोठ्या कंपनीच्या दारी जावे लागे. अशा काळात, १९३५ साली, मुंबईस वडाळ्याला 'नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' उभी राहिली. तिच्या तबकड्यांवर 'यंग इंडिया' हे नाव असे. भांडवल देशी, कारखाना स्वतःचा. नामांकित गवई आणि नट मोठ्या कंपन्यांशी करारांनी बांधलेले. म्हणून यंग इंडियाने नवखे आणि हौशी कलावंत हाती धरले. शास्त्रीय गायन, चित्रपटगीते, लोकगीते, शाळांसाठी पाठ, असे काय वाटेल ते तिने मुद्रित केले, आणि १९५५ पर्यंतच्या वीस वर्षांत दहा हजारांहून अधिक मुद्रणे बाजारात आणली. बझकॉक्सच्या बेचाळीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. त्यातले पुष्कळसे सामान्य असेल, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. पण सामान्यासही एकदा ऐकले जाण्याचा हक्क आहे, हे ज्या कंपनीने मानले तिचे आपल्यावर ऋण आहे. कारण ह्याच काळात खुद्द अल्लादियाखांसाहेबांसारखा गायक एकही ध्वनिमुद्रिका मागे न ठेवता गेला.

१९५५ नंतर त्या तबकड्यांचे काय झाले? लाखेची तबकडी हातून निसटली की फुटते. न फुटली तर रद्दीत जाते. कोणत्याही सरकारी दप्तरखान्याने त्या सांभाळल्या नाहीत. सांभाळल्या त्या जुन्या बाजारात रविवार घालविणाऱ्या छांदिष्टांनी. अशाच मंडळींनी १९९० साली मुंबईस 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापली, आणि तिच्या डॉ. सुरेश चांदवणकर ह्यांच्या खटपटीने ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्यावर यंग इंडियाची हजारो मुद्रणे संगणकावर उतरविली गेली. ज्या कंपनीचे दुकान बंद झाले तिचा आवाज रसिकांच्या कपाटातून परत आला.

आता आमच्या मुलखाकडे वळू. केज हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. दरबाराची भाषा उर्दू, घरची भाषा मराठी, आणि आगगाडी गावाला अद्यापही शिवलेली नाही. अशा गावी नवे मराठी गाणे यावयाचे म्हणजे कोणाच्या तरी बोचक्यातूनच येणार. चावीच्या ग्रामोफोनास विजेची गरज नव्हती, हा मराठवाड्यावर त्या यंत्राचा मोठाच उपकार. ज्याच्या घरी यंत्र, त्याच्या ओसरीवर आळी. आणि तो जी तबकडी आणील तीच त्या आळीची आवड. विदर्भात मेहकरास वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे ह्यांची 'शीळ' ही कविता नागपूरकडच्या गो. ना. जोशी ह्यांनी १९३२ च्या सुमारास ध्वनिमुद्रिकेवर गायिली, आणि मराठी भावगीताचा नवा रस्ता खुला झाला. मासिकात छापलेली कविता वर्गणीदाराच्या घरापर्यंत जाते. तबकडीवरची कविता निरक्षर शेजारणीच्या जात्यापर्यंत पोहोचली. जोशी पुढे हिज मास्टर्स व्हॉइसमध्येच अधिकारी झाले. वाटाड्या कंपनीत शिरला तर काय होते, ह्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

रेडिओविषयी आमचे मत थोडे प्रतिकूल आहे, ते सांगून टाकतो. १९५२ साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर ह्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी ह्यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती आली, तोवर देशातील निम्मी पोस्टकार्डे जणू फर्माइशीसाठीच छापली जात होती. आपले नाव आकाशातून ऐकू यावे ही हौस निष्पाप आहे. परंतु फर्माईश ही जात्याच ओळखीच्या गाण्याची असते. जे ऐकलेच नाही ते कोण मागणार? लोक एकत्र आले, हा रेडिओचा गुण. एकत्र येऊन ते तेच तेच ऐकत बसले, हा दोष.

खरी क्रांती केली ती कॅसेटने. फिलिप्स कंपनीने ही वस्तू १९६३ साली काढली. आमच्याकडे ती घरोघर पोहोचली १९८० नंतर. तबकडी छापण्यास कारखाना लागे. कॅसेटची प्रत काढण्यास दोन यंत्रे आणि एक टेबल पुरे. तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाच्या आसपास एखादे तरी दुकान असे, जेथे कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दोन दिवसांनी भरलेली कॅसेट मिळे. यादी संपून फितीवर जागा उरली, तर दुकानदार आपल्या पसंतीची दोन गाणी पदरची भरून देई. आम्हांस त्या तरुण वयात जी अपरिचित गाणी भेटली, त्यांपैकी निम्मी अशा उरल्या फितीवरची होत. कायद्याने हा अपराध होता. त्याने मूळ गायकाचे नुकसान होई, हेही खरे. तरी त्या दुकानदाराच्या कानाला आम्ही दाद देतो.

आणि ह्याच कॅसेटने एक असा गीतप्रकार गावोगाव नेला, ज्यास मोठ्या कंपन्यांनी फार काळ उंबऱ्याबाहेर उभे केले होते. भीमगीत हे कॅसेटच्या पुष्कळ आधीचे. आंबेडकरी जलसे हे चळवळीचेच अपत्य, आणि वामनदादा कर्डक ह्यांनी गावोगाव हिंडून गाणी रचली व पेरली ती हयातभर. वहीत उतरवून घेणे आणि पाठ करणे एवढेच त्या गाण्यांचे प्रकाशन. पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ह्यांचे आवाज फितीवर आले, आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर किंवा नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन आलेला मनुष्य पुस्तकांबरोबर दोनचार कॅसेटीही आणू लागला. वस्तीतल्या एकाच टेपरेकॉर्डरभोवती त्या वर्षभर ऐकल्या जात. ही गाणी पदव्युत्तर अभ्यासाच्या यादीत आली ती फार उशिरा. आम्ही साहित्याची माणसे त्यांना 'प्रचारगीते' म्हणून बाजूस सारीत होतो, त्या वेळी ज्यांनी पदरचे पैसे घालून ती विकत घेतली आणि शेजाऱ्याला ऐकविली, त्यांची समज आमच्याहून पुढची होती.

ह्या प्रसाराचा आणखी एक मार्ग आमच्या तालुक्यात आहे. दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पाचसहा महिने कारखान्याच्या तळावर निरनिराळ्या तालुक्यांची कोपी शेजारी शेजारी असते. ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यांतून रात्री-अपरात्री जे गाणे वाजते ते झोपमोड करणारे असते, हे मान्य. तथापि जी गाणी मुंबईच्या दुकानांतून केजेस येत नाहीत, ती सांगली-कोल्हापूरकडच्या फडातून येतात. मुकादमाच्या वहीत उचलीचा हिशेब असतो; गाण्यांच्या देवघेवीचा हिशेब कोणीच मांडलेला नाही.

आता कॅसेटही गेली. औरंगाबादेस, म्हणजे हल्लीच्या छत्रपती संभाजीनगरास, एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडुबाई खरात ह्यांना महाराष्ट्राने ओळखले ते कोणा कंपनीमुळे नव्हे. कोणीतरी त्यांचे गाणे दूरध्वनीवर टिपले, दुसऱ्याने तिसऱ्यास धाडले, आणि आवाज गावोगाव गेला. वाटाड्याचे काम तेच राहिले, वाट मात्र लहान झाली. तरी एक भेद आम्हांस खुपतो. पूर्वीचा वाटाड्या आपणांस ओळखून गाणे निवडी. आजचे यंत्र, कालपर्यंत आपण काय ऐकले ह्याची मोजदाद करून त्यासारखेच पुढे करते. फर्माइशीचाच हा सुधारलेला अवतार दिसतो.

असो. निकडीची बाब निराळी आहे. कॅसेटची फीत म्हणजे पॉलिएस्टरच्या पट्टीवर चिकटविलेली लोहाची पूड. दमट हवेत तो चिकटा सुटतो, फितीवर बुरशी धरते, आणि एकदा पूड झडली की तिजबरोबर आवाजही गेला. केज, अंबाजोगाई, धारूर ह्या टापूत लहान लहान मंडळांनी गाऊन भरलेल्या कित्येक फिती घरांच्या माळ्यावर, जुन्या पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत. त्यांची दुसरी प्रत कोठेही नसण्याचा संभव आहे. यंग इंडियाला निदान छापील याद्या होत्या. ह्या फितींवर पुष्कळदा गायकाचे नाव शाईच्या लेखणीने लिहिलेले असते आणि ते आता पुसट झाले आहे. ज्यांना ते आवाज ओळखता येतात ती माणसे सत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ बसून, फीत लावून, कोण गाते आहे, पेटीवर कोण, हे गाणे प्रथम कोणी आणले, एवढे विचारून लिहून ठेवण्यास एक वही आणि एक चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर लागतो. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे कारागीर आमच्या तालुक्यात अद्याप सापडतात, पण त्यांचीही उमर झाली आहे.