पक्कड कुणाची?

कपाटाच्या दाराचा स्क्रू ढिला झाला की आपण आधी सुरी शोधतो. तिचं टोक वाकलं की एक रुपयाचं नाणं घेतो. मग कुणाला तरी आठवतं की माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक स्क्रू ड्रायव्हर होता. डबा खाली येतो, त्यातून गंजके खिळे, संपलेले सेल आणि तीन बिनकामाच्या किल्ल्या निघतात. स्क्रू ड्रायव्हर काही निघत नाही.

याला आळस म्हणता येईल, पण त्यामागे जुना इतिहास आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हत्यारं ठेवायची रीतच नव्हती. ती गावातल्या दुसऱ्या कुणाची तरी असायची.

मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्यात बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्या आहेत. पहिल्या ओळीत सुतार, लोहार, महार आणि मांग येतात. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या पुस्तकात ही व्यवस्था आणखी तपशिलात भेटते. सुताराने नांगर-कुळव दुरुस्त करायचे, लोहाराने फाळाला धार लावून द्यायची, आणि सुगीला कुणब्याने त्यांना धान्याचा वाटा घालायचा. हेच ते बलुतं. कामागणिक पैसे मोजायची पद्धत नव्हती. वाकस, पटाशी, रंधा, गिरमिट ही सुताराची. ऐरण, भाता, घण ही लोहाराची. बापाचं हत्यार मुलाकडे जायचं आणि त्याच्यासोबत जातही जायची. कुणब्याच्या घरी रंधा कशाला असेल? आणि सुताराच्या पोराला रंधा नको असेल, तर त्याला विचारतो कोण? हत्यार कुणी हातात धरायचं, हे जन्मानेच ठरलेलं होतं.

घराची म्हणावी अशी हत्यारं होती ती स्वयंपाकघरात आणि परसात: विळी, जातं, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ. ती चालवायच्या बायका. पण जात्याचे दात बोथट झाले की त्याला टाकी लावायला बाहेरचंच कुणीतरी यायचं. वापर घरात आणि दुरुस्ती बाहेर, अशी ही वाटणी होती.

ठेवायचं शहाणपण मात्र या घरांकडे होतं. विळीचं काम झालं की ती आडवी करून पातं भिंतीकडे ठेवायची, हे मुलींना चिरायला शिकवायच्या आधी शिकवलं जाई. कोकणात कमरेला लाकडी आकडी बांधून तिच्यात कोयती अडकवतात. चालताना पातं मागे राहतं आणि झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे. घरी आल्यावर कोयता उंच खोचायचा, पोरांचा हात पोचणार नाही असा. आणि वर्षातून एकदा खंडेनवमी. त्या दिवशी सगळी हत्यारं बाहेर काढायची, धुवायची, पुसायची, मग झेंडूची फुलं वाहायची. पूजा बाजूला ठेवून पाहिलं, तर ती वार्षिक तपासणीच. काय गंजलंय, कशाचा दांडा हलतोय, काय हरवलंय, हे त्या दिवशी कळायचं.

मग हत्यारं घरात शिरली कशी? यंत्रांच्या पाठीवर बसून. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावासोबत बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लाकडी नांगर दुरुस्त करायला सुतार लागायचा. नट-बोल्टांचं यंत्र मात्र ज्याच्या हातात पाना असेल त्याचं ऐकतं. पान्याला जात विचारता येत नाही. सायकल आली तसा घरोघरी पंक्चरचा डबा आला, स्कूटर आली तसा डिकीत पान्यांचा संच आला.

तिकडे अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९१७मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि चाप असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळवलं. ते ड्रिल कारखान्यासाठी होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६मध्ये, याच कंपनीने घरगुती वापराची ड्रिलं बाजारात आणली. हेन्री फिलिप्सच्या नावाचा ‘प्लस’ खाचेचा स्क्रू १९३६च्या सुमारास मोटारींच्या कारखान्यात वापरात आला, आणि आज तुमच्या रिमोटच्या पाठीतही तोच बसलाय.

हत्यार कारखान्यातून घरी आलं, पण कारखान्याची शिस्त तिथेच राहिली. चांगल्या वर्कशॉपमध्ये भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली असते. संध्याकाळी रिकामी आकृती दिसली की काय परत आलं नाही ते लगेच कळतं. प्रसिद्ध पाककलालेखिका ज्युलिया चाइल्ड यांच्या नवऱ्याने, पॉल यांनी, हीच युक्ती स्वयंपाकघरात आणली. छिद्रांच्या फळीवर प्रत्येक पातेल्याची आकृती काढली. ते अख्खं स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आपल्याकडे गॅरेज क्वचितच असतं. असतो तो माळा, सिंकखालची जागा, पार्किंगमधला कोपरा. तेवढं पुरतं. सुरुवातीला पाचच वस्तू घ्या: प्लस आणि चपटे स्क्रू ड्रायव्हर, विजेचा टेस्टर, रबरी मुठीची पक्कड, हातोडी, कमी-जास्त होणारा पाना. चाळीस तुकड्यांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा हे पाच नग चांगल्या पोलादाचे घेतलेले बरे. मऊ पोलादाचं टोक स्क्रूची खाच खातं, आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही. विजेचं काम करताना आधी मेन स्विच बंद करायचा. टेस्टरवर एकट्यावर भिस्त ठेवायची नाही. जड वस्तू खाली, धारेच्या वर, आणि ओल कुठेच नको, म्हणजे सिंकखालची जागा हत्यारांसाठी बाद. रॉकेल किंवा टर्पेंटाइन थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. लहान मुलं ते पाणी समजून पितात, आणि असे अपघात आपल्याकडे वर्षानुवर्षं होत आलेत. अळशीचं तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर तो आपोआप तापून पेटू शकतो. त्या पसरून वाळवाव्यात.

पण सुरक्षित ठेवणं आणि दूर ठेवणं यांत फरक आहे. जुन्या गावात हत्यारं दूर होती ती जातीमुळे. आजही पुष्कळ घरांत डबा बाबांच्या किंवा दादाच्या ताब्यात असतो, आणि विळीची धार एका नजरेत ओळखणाऱ्या आईला ‘राहू दे, इलेक्ट्रिशियन येईल’ असं सांगितलं जातं. तीन वर्षांच्या पोराचा हात पोचू नये, पण आईचा आणि तेरा वर्षांच्या मुलीचा पोचावा, इतक्या उंचीवर एक खिळा ठोका आणि पक्कड तिथे लावा. कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. पुढच्या खंडेनवमीला ती पुसायची पाळी कुणाची, तेही आत्ताच ठरवून टाका. आणि दरवर्षी एकाच माणसाची ठरवू नका.