हॅरिएट टेकडीवरचा सूर्यास्त

अंदमान म्हणताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल उभे राहते आणि सावरकर बंधूंच्या स्मृतीने मन भारून जाते. हे स्वाभाविकच आहे. परंतु ते कारागृह पुरे झाले १९०६ साली. बंदिवानांची वसाहत मात्र मार्च १८५८ मध्येच, सुमारे दोनशे कैदी आणून, सुरू झाली होती. जेलच्या भिंती उठण्यापूर्वीचा हा काळ समजून घ्यावयाचा तर एका पाहुण्याने त्या बेटांवर घालविलेला एक दिवस आठवावा, असे आम्हांस वाटते.

हा पाहुणा म्हणजे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. ब्रह्मदेशाचा दौरा आटोपून 'ग्लासगो' या युद्धनौकेने तो ८ फेब्रुवारी १८७२ रोजी सकाळी पोर्ट ब्लेअरच्या बंदरात आला. वसाहतीचा कारभार सुधारण्यासाठी जनरल स्ट्यूअर्टची निवड त्यानेच केली होती. तेव्हा ही भेट केवळ सहल नव्हती. दिवसभरात रॉस, व्हायपर आणि चॅटम ही बेटे पाहून झाली. सर्वत्र बंदोबस्त चोख होता. पाचाच्या सुमारास ठरलेला कार्यक्रम संपला, पण दिवस अजून तासभर शिल्लक होता. समोर माउंट हॅरिएट दिसत होता. आजारी कैद्यांच्या आरोग्यधामासाठी ती जागा कशी काय आहे, हे व्हाइसरॉयला पाहावयाचे होते.

टेकडी हजार फुटांहून उंच. माथ्यावर बसून त्याने सूर्यास्त पाहिला आणि त्या देखाव्याने तो फार प्रसन्न झाला, असे त्याचा चरित्रकार हंटर सांगतो. उतरताना अंधार पडला. सुमारे सात वाजता, पायथ्याच्या होप टाउनच्या धक्क्यावर, मशालींच्या उजेडात व्हाइसरॉय नावेकडे जाण्यासाठी चार पावले पुढे झाला. तोच मागून एक मनुष्य झेपावला आणि त्याने पाठीत सुरीचे दोन वार केले. नाव 'ग्लासगो'पर्यंत पोहोचण्यापूर्वीच मेयोचा प्राण गेला होता.

मारेकरी शेर अली हा आफ्रिदी पठाण. पेशावरला इंग्रजांच्याच घोडेस्वार पोलिसांत त्याने नोकरी केली होती. वैरातून झालेल्या एका खुनाबद्दल १८६७ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेत बदलली. अंदमानात त्याची वर्तणूक चांगली ठरली, म्हणून होप टाउनला न्हाव्याचे काम करण्याची मोकळीक त्याला मिळाली. त्या दिवशी पलीकडच्या बेटांवर जाण्याची त्याची खटपट फसली होती. संध्याकाळी पाहुणाच त्याच्या दारी आला. आपला साथीदार कोणी नाही, ईश्वराची आज्ञा झाली, एवढेच त्याने चौकशीत सांगितले. ११ मार्च १८७२ रोजी व्हायपर बेटावर त्याला फाशी देण्यात आली. यामागे कट होता की जुन्या शिक्षेचा सल, याविषयी अभ्यासकांत अद्याप एकमत नाही.

आम्हां नोकरदारांना या कथेत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. दौरा आखणाऱ्यांनी जेथे धोका मानला तेथे कडक पहारा ठेवला. पण 'वर्तणूक चांगली' या शेऱ्याखाली एक मनुष्य काय मनात धरून बसला होता, हे कोणत्याच कागदावर उमटले नव्हते. पाहुण्याचा हेतूही वाईट नव्हता. तथापि टेकडीच्या माथ्यावरून बंदर दिसते, बेटे दिसतात. पायथ्याशी शिक्षा भोगणारा मनुष्य तेवढा दिसत नाही.

आता तेथील नावे पालटली आहेत. रॉस बेटाला २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. १८९१ च्या युद्धानंतर मणिपुरी राजबंदी ज्या टेकडीवर ठेवले होते, ती माउंट हॅरिएट २०२१ पासून माउंट मणिपूर झाली. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्रीविजयपुरम. वीस रुपयांच्या जुन्या तांबूस नोटेवरील नारळीचे दृश्य याच टेकडीवरून दिसते.

बदलीच्या वा रजेच्या निमित्ताने बोटीने तेथे उतरणाऱ्या आमच्या बांधवांच्या हाती बहुधा एखादाच दिवस असतो. त्यांनी सेल्युलर जेलला वंदन अवश्य करावे. वेळ उरल्यास टेकडीही चढावी, सृष्टिसौंदर्य मनसोक्त पाहावे. मात्र परतताना पायथ्याच्या त्या किनाऱ्यावर क्षणभर थांबल्यावाचून बोट गाठू नये.