करड्याचा बहिष्कार

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारी हे गाव लागते. विडी कामगारांच्या वसाहतीमुळे आज ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या नावात ज्याची आठवण राहिली आहे तो कुंभार जुन्या गावगाड्यातील बलुतेदार होय. त्याने मडकी द्यावीत, न्हाव्याने हजामत करावी, सुताराने औत नीट करावे, आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घ्यावा. वाटा रूढीने ठरलेला असे. (तो सर्वांस न्याय्य होता, असे मात्र कोणी समजू नये.) अशा हातावर पोट असलेल्या माणसाने चालते गिऱ्हाईक आपण होऊन सोडावे, हे जमाखर्चाच्या साध्या हिशेबात बसत नाही.

तथापि पुणे जिल्ह्यातील करडे ह्या गावी तसे घडले खरे. अमेरिकेतील युद्ध १८६५ साली संपल्यावर कापसाचा भाव उतरला. १८६७ पासून सारा वाढविण्यात आला. कुणबी कर्जात बुडाला. १८७४ च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या सावकाराने १५० रुपयांच्या हुकूमनाम्यावर बाबासाहेब देशमुखांचे घर लिलावात घेतले आणि ते पाडावयास आरंभ केला. कायदा त्याच्या बाजूने होता. गावाला मात्र हे सहन झाले नाही. न्हाव्याने हजामत नाकारली, पाणक्याने पाणी भरणे सोडले, कुळांनी सावकारांच्या जमिनी कसण्याचे नाकारले. प्रत्येकाने स्वतःच्या पदरचे काही ना काही घालविलेच.

ह्या वर्तनाचे इंगित पुढे फार दूरवर तपासले गेले. १९८२ साली जर्मनीतील तीन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने रक्कम वाटावी, दुसऱ्याने आपला वाटा स्वीकारावा वा नाकारावा. नाकारल्यास दोघांसही काही नाही. फारच थोडा वाटा देऊ केला, तर पुष्कळ जण तो नाकारतात, असे अशा प्रयोगांतून पुनःपुन्हा दिसून आले. अन्याय करणाऱ्यास शासन व्हावे म्हणून मनुष्य पदरमोड करतो.

परंतु सारेच काही खुशीने झाले नसावे. इंदापूर तालुक्यातील कळस गावच्या समपत्रात, जो सावकारांचे काम करील त्याचे न्हावी, परीट, सुतार, लोहार बंद करावेत, अशी तंबीच होती. शिवाय १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळून तो गावोगाव पसरला, तेव्हा रोख बहुतेक मारवाडी व गुजर सावकारांवरच राहिला. गावचे जुने ब्राह्मण सावकार बहुधा वाचले. न्यायबुद्धीलाही आपला आणि परका कळतो, ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. दंगेखोरांचे लक्ष मात्र मुख्यतः कागदांवर होते. कर्जरोखे निमूटपणे हवाली केले, तर सावकाराच्या जिवास सहसा धक्का लागत नसे.

१८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, अहमदनगर, सातारा आणि सोलापूर ह्या चार जिल्ह्यांत तो लागू झाला. रोख्यावरील आकडा तेवढा न पाहता मूळ मुद्दल किती, व्याज किती, हे खोदून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. करड्याच्या न्हाव्याने ज्यासाठी वस्तरा खाली ठेवला, ती चौकशी सोलापूरच्या कचेरीतही होऊ लागली.