'एकूण दर्शक' कळून करायचं काय?

आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी वेबसाइटच्या तळाशी 'एकूण दर्शक' असा एक आकडा असतो. किती जण आले ते त्यावरून कळतं. त्यातल्या किती जणांचं काम झालं आणि किती जण अर्धा फॉर्म भरून कंटाळून निघून गेले, ते मात्र कळत नाही. दाखले, शिष्यवृत्ती, सगळंच ऑनलाइन झाल्यावर खरा प्रश्न तोच आहे. आणि तो मोजायची रीत काही कालची नाही. तिची सुरुवात चक्क शेतात झाली.

1919 साली रोनाल्ड फिशर हा गणिती इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाला. तिथली अडचण कुठल्याही शेतकऱ्याला कळेल अशी होती. नवं खत घातलं, पीक जास्त आलं. पण ते खतामुळे, की मुळात तो तुकडाच कसदार म्हणून? फिशर म्हणाला, शेताचे लहान तुकडे पाडा आणि कुठल्या तुकड्याला कोणतं खत ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मग उरलेला फरक खताचा की योगायोगाचा, याचा हिशेब मांडता येतो. भारतातल्या शेती संशोधकांसाठी हे शास्त्र वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी 1954 मध्ये पुस्तकरूपात मांडलं. कृषी महाविद्यालयात शिकलेल्यांना ही नावं आठवतील. सुखात्मे तर सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे.

वेबसाइटवर तुकड्यांच्या जागी माणसं आली, एवढाच फरक. एकाच पानाची दोन रूपं करायची, येणाऱ्यांपैकी निम्म्यांना एक दाखवायचं, निम्म्यांना दुसरं, आणि काम कुठे जास्त पुरं होतं ते मोजायचं. यालाच ए-बी टेस्टिंग म्हणतात. ओबामांच्या पहिल्या प्रचारात नावनोंदणीच्या पानावर 4 बटणं आणि 6 फोटो-व्हिडिओ यांच्या 24 जोड्या अशाच तपासल्या. प्रचारातल्या मंडळींना व्हिडिओ आवडले होते. लोकांना नाही आवडले. कुटुंबाचा फोटो आणि 'अधिक जाणून घ्या' हे बटण जिंकलं. नोंदणीचं प्रमाण 8.26 टक्क्यांवरून 11.6 टक्क्यांवर गेलं.

मला त्याहून मोठं वाटतं ते ब्रिटनचं उदाहरण. तिथे गाडीचा कर ऑनलाइन भरला की शेवटी अवयवदानाची नोंदणी करा, अशी विनंती दिसायची. 2013 मध्ये सरकारने ती 8 प्रकारे लिहिली आणि 10 लाखांहून अधिक लोकांना आलटून पालटून दाखवली. एका प्रकारात हसऱ्या माणसांचा घोळका होता. कुठल्याही समितीने डोळे झाकून मंजूर केला असता. त्याने नोंदणी साध्या विनंतीपेक्षाही कमी झाली! जिंकला तो सरळ प्रश्न: तुम्हाला अवयवाची गरज पडली तर तुम्ही घ्याल ना? मग इतरांनाही मदत करा. यामुळे वर्षाला सुमारे 96,000 नोंदण्या वाढतील असा अंदाज निघाला. खर्च म्हणाल तर चार शब्द बदलण्याचा.

अर्थात हत्यार दुधारी आहे. सदस्यत्व रद्द करायचं बटण कुठे दडवलं तर गिऱ्हाईक सापडणार नाही, हेही याच रीतीने शोधता येतं. मोजायचं काय, हे माणूसच ठरवतो.

म्हणून मला ब्रिटनची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सरकारी सेवांचे आकडे तिथे काही वर्षं लोकांसमोर उघडे ठेवले जात. त्यात किती जणांनी काम सुरू केलं आणि त्यातले किती शेवटपर्यंत पोहोचले, हे प्रमाणही असे. आपल्या जिल्ह्याच्या सेवांसाठी मला हे दोनच आकडे हवे आहेत, 'एकूण दर्शक'च्या जागी. ग्रुपमध्ये कुणी लोकप्रतिनिधी असतील तर पुढच्या बैठकीत तेवढं विचारा.