हातकाठी, पदक आणि खेड्यातील युद्धस्मृती : खाजगी संग्रहाच्या साधनमूल्याविषयी

इतिहासाची साधने म्हटली की कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी हीच प्रथम डोळ्यांपुढे येतात. घराच्या कोपऱ्यात उभी असलेली आजोबांची काठी, किंवा पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळून ठेवलेले महायुद्धातील पदक यांना साधन म्हणावयास अभ्यासक सहसा धजत नाही. अशा वस्तूंचा परामर्श आजवर मुख्यतः हौशी संग्राहकांनीच घेतला आहे. जुन्या हातकाठ्या आणि लष्करी वस्तू गोळा करण्याचा छंद युरोपात फार रुजला. आपल्याकडे तो तुरळक दिसतो. परंतु त्यामागील प्रश्न येथेही तोच आहे. अशी वस्तू केव्हा पुरावा ठरते, आणि केव्हा नुसती शोभेची चीज होऊन बसते?

प्रथम काठीचा विचार करावा. मराठीत काठी, सोटा, दंड, छडी, कुबडी, गुप्ती असे जे शब्द आहेत ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. प्रत्येकामागे निराळा धारक आणि निराळा प्रसंग आहे. वेताची छडी शिक्षकाची किंवा अंमलदाराची, सोटा रखवालदाराचा, दंड संन्याशाचा. फारसी ‘चोब’ म्हणजे लाकूड अथवा काठी. तीवरून चोपदार हा शब्द आला, आणि दरबार लयास गेले तरी चांदीने मढविलेली त्याची काठी लयास गेली नाही. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यात समाज-आरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंच करतो आणि हजारो वारकऱ्यांचा टाळमृदंग क्षणात थांबतो. सत्ता आणि काठी यांचा संबंध एखाद्या सनदेतही इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसावा.

काठी आणि शस्त्र यांची सीमारेषा गुप्तीत पुसली जाते. वरून साधी काठी आणि आत अरुंद, सरळ पाते अशी तिची घडण असते. सज्जनगडावर समर्थ रामदासांच्या म्हणून जपलेल्या वस्तूंत कुबडी आहे आणि तीत गुप्ती असल्याचे सांगितले जाते. साधूच्या आधाराच्या काठीतही पाते असू शकते, ही गोष्ट त्या काळाविषयी पुष्कळ बोलते. गुप्तीच्या संग्राहकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली झालेल्या १९६२ च्या नियमांत तलवारीच्या वर्गात गुप्तीचा स्पष्ट उल्लेख होता आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांतही तो कायम आहे. कायद्याच्या लेखी ती काठी नव्हे, शस्त्र आहे. हस्तिदंती मुठीच्या काठीची अडचण वेगळी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यामुळे तिचे बाजारमूल्य संपले. ऐतिहासिक मूल्य अर्थातच संपले नाही.

ब्रिटिश अमदानीत छावण्यांबरोबर आणखी एक काठी आली. ती आधाराची नव्हती, की माराचीही नव्हती. अधिकारी काखेत धरीत ती आखूड छडी. आणि पहिल्या महायुद्धापर्यंत साधा गोरा शिपाईदेखील छावणीबाहेर फिरावयास निघताना अशीच छडी हातात घेई. तिच्या धातूच्या बोंडावर पलटणीचे चिन्ह उठविलेले असे. त्या चिन्हावरून पलटण ओळखता येते, आणि पलटण कोणत्या वर्षी कोठे होती हे लष्करी नोंदींवरून काढता येते. काठीला येथे जणू तारीख मिळते.

युद्धकैद्यांनी केलेल्या काठ्यांचा प्रकार याहून मनोवेधक आहे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात इंग्रजांनी हजारो बोअर कैदी सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान येथील छावण्यांत धाडले. रिकामा वेळ घालविण्यास आणि चार पैसे मिळविण्यास हे शेतकरी कैदी लाकूड व हाडे कोरून काठ्या, चिलमी आणि डब्या करीत. त्यांतील काही कैदी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात होते. पुढे पहिल्या महायुद्धात त्याच शहरी जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केले गेले, आणि १९४२ नंतर काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद त्याच किल्ल्यात बंदिवान होते. तेथील किंवा आसपासच्या घरात एखादी परकी धाटणीची कोरीव काठी आढळली तर ती कोणाची, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक ठरत नाही. मात्र ती कोणत्या घरातून आली हे कोणी लिहून ठेवले नसेल, तर त्याचे उत्तर कधीच मिळणार नाही.

पदकांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक ठळक होतो. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत पहिल्या महायुद्धानंतर बसविलेल्या संगमरवरी पाट्या आजही दिसतात. या गावातून १९१४ ते १९१९ या काळात इतकी माणसे महायुद्धावर गेली व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यांवरील मजकूर. नाव एकाचेही नाही. तुलना करावी ती पुणे जिल्ह्यातीलच कोरेगाव भीमा येथील स्तंभाशी. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. शंभर वर्षांनी त्याच साम्राज्याने गावोगाव दगड बसविले. पण नावांच्या जागी आकडे आले. मनुष्यबळाची भरती जेवढी वाढली तेवढी माणसाची ओळख पुसट झाली असे म्हणावयास हरकत नाही.

दगडाने गाळलेले नाव पदकाने राखले आहे. पहिल्या महायुद्धाबद्दल दिल्या गेलेल्या ब्रिटिश युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार. संग्राहकाची नजर या दोन बाजूंवर खिळते. संशोधकाने पाहावयाची ती तिसरी बाजू, म्हणजे कड. तीवर ११७ वी मराठा पलटण असा उल्लेख मिळाला की तो शिपाई मेसोपोटेमियाच्या मोहिमेत असण्याची शक्यता पुढे येते. कारण १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी सहाव्या ‘पूना’ डिव्हिजनमध्ये होत्या. हीच डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. १९२२ च्या पुनर्रचनेत हे क्रमांक बदलून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री अस्तित्वात आली. जुना क्रमांक हाच कालनिर्णयाचा पुरावा होतो, तो यामुळे.

१११ व्या महार पलटणीचे उदाहरण तर विशेष महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली होती. युद्धाच्या गरजेपोटी १९१७ मध्ये ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. महार रेजिमेंट स्थापन होण्यास १९४१ उजाडावे लागले. इतक्या अल्पायुषी पलटणीच्या शिपायांची ओळख सांगणारी जी थोडी साधने उरतात, त्यांत एखाद्या घरातील पदकाची गणना अग्रक्रमाने करावी लागेल.

दुर्दैव असे की हे पदक चांदीचे होते. अडीनडीला घरातील चांदी सोनाराकडे जाते, आणि मुशीत पडलेल्या पदकाबरोबर कडेवरचे नावही वितळते. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव चढले तेव्हा इंग्लंडातही अशी पदके मोठ्या प्रमाणावर वितळविली गेली. हिंदी मजूर-पथकांतील लोकांना मात्र हेच पदक कांशाचे देण्यात आले होते. तेव्हा ज्यांना हलक्या धातूचे पदक देऊन हलके लेखले, त्यांचीच नावे कदाचित अधिक टिकली असतील. हा केवळ तर्क आहे, परंतु तपासून पाहण्याजोगा आहे. बाजारात आलेल्या पदकांचा धोका आणखी निराळा. कड घासून तीवर दुसरे, अधिक किंमत मिळवून देणारे नाव ठोकण्याचे प्रकार घडतात. म्हणून व्यास मोजून पाहावा लागतो. मूळ पदक ३६ मिलिमीटरचे असते.

संग्रहाच्या दोन परंपरा पुण्यास परिचित आहेत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी पत्नी कमलाबाई यांच्या साहाय्याने गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, फण्या अशा नित्याच्या वस्तू जमविल्या, आणि बालपणीच निवर्तलेल्या मुलाच्या नावाचे हे संग्रहालय १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केले. नित्याच्या वस्तूलाही इतिहास असतो हे त्यांनी महाराष्ट्राला प्रत्यक्ष दाखविले. दुसरी परंपरा वि. का. राजवाडे यांची. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. कागद कोणाच्या दप्तरातला, कोणत्या गावचा, ही विचारणा या परंपरेने अभ्यासकांच्या अंगवळणी पाडली. काठ्या आणि पदके यांच्या संग्राहकांना केळकरांची हौस पुष्कळ असते. राजवाड्यांची चिकित्सा क्वचित आढळते.

हा विचार आताच करण्याचे कारण पुण्याच्या सीमेवरच दिसते. मुळशी तालुक्यातील चांदे, नांदे यांसारखी गावे शहर आणि मावळाचे डोंगर यांच्या दरम्यान वसलेली आहेत. शेजारच्या हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांची वसाहत झाल्यापासून या टापूतील जमिनीचे स्वरूप बदलले. जुने घर उतरविले की तुळया, पितळी भांडी आणि कपाटातील किडूकमिडूक एकाच वेळी बाहेर पडते. त्यातील बरेचसे भंगारवाल्याकडे, काही मंगळवार पेठेनजीक बुधवारी व रविवारी भरत आलेल्या जुन्या बाजारात जाते. तेथे काठीला मूठ उरते, पदकाला फीतही उरते. गाव मात्र सुटते.

१९७२ च्या पुराणवस्तू व कलासंपत्ती कायद्याप्रमाणे किमान शंभर वर्षे जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुराणवस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातील वस्तूंनी ही शंभरी ओलांडली आहे. पण नुसते वय पुरत नाही; ऐतिहासिक महत्त्व दाखवावे लागते, आणि नाव-गाव हरवलेल्या पदकाचे महत्त्व दाखविणे कठीण होते. चांद्यासारख्या गावी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन नोंद केली तर तीत पदकाच्या कडेवरील अक्षरे, काठीचे लाकूड, मूठ व शेंबी, वस्तू ज्याची होती त्याच्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिकत, आणि ती सांगितल्याची तारीख इतके असावे. वस्तू घरातून हलविण्याची गरज नाही. पदकाला चिंच-राख लावून ते उजळण्याचा मोह मात्र घरच्यांनी आवरावा, आणि तत्पूर्वी कडेवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने अक्षरांचा ठसा घ्यावा. घासण्याने प्रथम झिजतात ती हीच अक्षरे.