मोल्ड पावडर आणि साच्यातील उष्णतावहन

मोल्ड पावडर : पोलादाच्या सलग ओतकामात साच्यातील वितळलेल्या धातूवर पसरली जाणारी भुकटी, परिभाषेत साच्याचा अभिवाह. चुना आणि सिलिका हे तिचे मुख्य घटक. त्यांच्या जोडीला ॲल्युमिना, सोडियम ऑक्साइड, फ्लोरस्पार आणि थोडा कार्बन असतो. भुकटी किती वेगाने वितळावी, हे कार्बनावर ठरते.

गोव्यात डिचोली तालुक्यातील आमोणे येथे झोतभट्टीतून कच्चे लोखंड निघते; ते लहान साच्यांत ओततात, तिथे या पावडरीची गरज पडत नाही. गरज पडते ती पोलादाचा स्लॅब ओतताना. कोकणपट्टीतच, रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे पातळ स्लॅब ओतले जातात. हा कारखाना पूर्वी इस्पात इंडस्ट्रीजचा होता, २०१० पासून तो जेएसडब्ल्यू समूहाकडे आहे.

साचा तांब्याचा, पाण्याने थंड ठेवलेला आणि सतत खालीवर हलणारा असतो. वितळलेली पावडर साचा आणि गोठत्या पोलादाचे कवच यांच्यामधल्या फटीत उतरते व एक-दोन मिलिमीटरचा पापुद्रा धरते. कवचाकडची त्याची बाजू द्रव असते, जाडी जेमतेम ०.१ मिमी; वंगणाचे काम ती करते. तांब्याकडची बाजू घन. पावडरीला नुसते वंगण समजणे अपुरे आहे, कारण उष्णतेला खरा अटकाव होतो तो या घन भागात. तो आधी काचेसारखा गोठतो; पुढे त्यात कस्पिडीनचे, म्हणजे चुना, सिलिका आणि फ्लोरीन यांच्या संयुगाचे स्फटिक वाढतात. स्फटिक होताना पापुद्रा आकसतो, तांब्याला टेकलेला त्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि मधे हवेच्या बारीक पोकळ्या राहतात. शिवाय स्फटिक उष्णतेचे प्रारण विखुरतात. परिणामी साच्याकडे जाणारी उष्णता घटते.

ही घट कधी हवीशी असते, कधी घातक. सुमारे ०.१ ते ०.१७ टक्के कार्बन असलेले पोलाद गोठताना त्याची स्फटिकरचना बदलते व ते एकदम आकसते. कवच साच्यापासून जागोजागी सुटते, जाडी असमान होते आणि स्लॅबवर उभे तडे जातात. अशा पोलादाला सौम्य गारवा हवा. म्हणून चुन्याचे प्रमाण जास्त असलेली, सहज स्फटिक होणारी पावडर घेतात. जास्त कार्बनच्या पोलादाचे कवच दुबळे असते, ते साच्याला चिकटून फाटते आणि आतले पोलाद खाली सांडते. कारखान्यात याला ब्रेकआउट म्हणतात. तिथे काचेसारखी राहणारी, कमी तापमानाला गोठणारी पावडरच योग्य.

पातळ स्लॅबची जाडी साधारण ५० ते ७० मिमी आणि ओतण्याचा वेग मिनिटाला अनेक मीटर. पापुद्रा पातळ राहतो, साच्यावरचा उष्णतेचा मारा वाढतो. त्यामुळे पावडर कमी चिकट लागते. ओतकामगार पावडरीचा वरचा थर काळा राखतात. लाल ठिपके दिसले की थर विरळ झाला हे कळते. साच्याच्या कडेला जमलेली स्लॅगची, म्हणजे वितळून पुन्हा गोठलेल्या पावडरीची, कड वाढली, तर द्रवाची वाट अडते.

पावडरीतला फ्लोरीन थंड करण्याच्या पाण्यात उतरून ते आम्लधर्मी करते व यंत्रे गंजवते. म्हणून फ्लोरीनविरहित पावडरींवर संशोधन चालू आहे. मात्र तडे जाणाऱ्या पोलादाच्या स्लॅबसाठी कस्पिडीनला तोडीस तोड पर्याय अद्याप सर्रास वापरात आलेला नाही.